संयुक्त छायाचित्र, तीन प्रती

शाळेत टाकताना गुरुजींनी लिहिलं, एक जून.
माय म्हणायची, रोवणे चालू होते,
बांधीत गुडघाभर चिखल होता,
म्हणजे श्रावण असावा.
माझे दोन पगार गुरुजींच्या टाकातच वाळून गेले.
आज एकतीस मे.

पदनाम: व्रणोपचारक, पशुवैद्यकीय दवाखाना.
गावात कुणाच्या तोंडी हा शब्द बसला नाही,
सगळे म्हणत, पट्टीवाले भाऊ.
चौतीस वर्षं बैलांचे जबडे उघडून वय सांगितलं,
बाजारात माझ्या शब्दावर
दोन-पाच हजार इकडचे तिकडे झाले.
माझं वय मात्र पंचायत समितीच्या डोंगरवार बाबूनं
दात न पाहताच सांगितलं,
सेवापुस्तकात बोट ठेवून.

मग त्यानं एकेक शब्द सोडला,
कोंडवाड्यातून सोडावं तसा:
उपदान.
रजा रोखीकरण.
अंशराशीकरण. हा मी तीनदा म्हणवून घेतला.
म्हणजे पेन्शनचा एक तुकडा आजच विकायचा,
एकरकमी पैसे उचलायचे,
पंधरा वर्षांनी तुकडा परत आपला.
बोटांवर मोजलं: पंचाहत्तर.
म्हणजे सरकार म्हणतंय, हा टिकेल.
किंवा म्हणतंय, कुठचा टिकतो.
व्यापाऱ्याचा चेहरा मला वाचता येतो,
छापील तक्त्याला चेहरा नसतो.

रक्कम घरात यायच्या आधीच तिला पाय फुटले.
अंकुशला धान कापायचं हार्वेस्टर दिसतं,
आपला हिस्सा भरला की बाकी बँक देते म्हणे.
पोरगी काही मागत नाही,
फोनवर नुसतं विचारते,
बाबा, स्लॅब कधी टाकता?
दहा वर्षांत ज्यानं उंबरा ओलांडला नाही
त्या भावानं तलावातले मासे पाठवले,
साफ करून.

देवकानं एकच विचारलं,
तांदूळ पाखडताना, सुपावरची नजर न काढता:
"तुमी गेल्यावर मले किती?"
आधी निम्मं, म्हटलं, पुढे तीस टक्के.
"बरं," म्हणाली. खडा टाकला.
मग, "आन् आधी माहाच नंबर लागला त?"
फॉर्म उलटून पाहिला.
त्यासाठी रकाना नव्हता.

आधार कार्ड शोधायला तिची पेटी उघडली
तर साडीखाली पोस्टाचं पासबुक.
गोवऱ्या, अंडी, बचत गट, बारा वर्षं,
दर महिन्याला शिक्का, एकही महिना कोरा नाही.
वारस म्हणून पोरीचं नाव.
मी म्हटलं, माझं का नाही टाकलं?
"तुमाले काहून? तुमी त सरकारी हाव."
त्या रात्री झोप लागली नाही.
वासराच्या घशात कुसळ अडकतं,
ते काढायचं मला येतं.
हे कसं काढायचं, कुणाला विचारू.

कागदांत शेवटचा कागद:
पतीपत्नीचं संयुक्त छायाचित्र, तीन प्रती.
आमचा असा फोटोच नव्हता.
लग्नातला रोल फोटोवाल्यानं उन्हात उघडला होता.
लाखांदूरच्या स्टुडिओत कूलर घरघरत होता,
मागं पडद्यावर रंगवलेलं बर्फ.
पोरगा म्हणाला, काकू, जरा सरका.
ती सरकली,
एसटीत आपलं तिकीट काढलेल्या माणसानं सरकावं, तेवढी.
माझ्या हाताला अजून औषधाचा वास होता,
तो मी पाठीमागे नेला.
आणि ती ओठ न हलवता पुटपुटली,
"दात दाखवू नका, वय समजते."

फोटो हलला.
परत काढला. त्यात आम्ही दोघं
कुणाच्या तरी तेरवीला बसल्यासारखे.
त्याच्या तीन प्रती ऑफिसात गेल्या, साक्षांकित.
हललेला तेवढा मी मागून घेतला.
वीस रुपये.
ते कशात धरायचे,
डोंगरवार बाबूला विचारायचं राहिलं.